थेट राष्ट्राध्यक्ष कुणाचा?

हे लिहायची पाळी आपल्याच पोरांनी आणली. दुसरा कुणी बोलला असता तर एवढा कागद नासवला नसता. अर्धापुरात, मुदखेडात, भोकरात, जिथं चार निळे झेंडे एकत्र येतात तिथं हल्ली एकच बोलणं ऐकू येतं. आमदार विकतात, खासदार विकतात, सरकारं रात्रीतून पडतात, मग हा बाजार पोसायचा कशाला? अमेरिकेसारखा एक राष्ट्राध्यक्ष थेट लोकांतून निवडा, मुख्यमंत्रीही थेट निवडा आणि पाच वर्षं त्याला हात लावू नका. परवा एक जण मला म्हणाला, "दादा, बाबासाहेबाला बी हेच पाहिजे होतं. तुमी कामून आडवे येऊलालात?"

आडवा येतोय. का येतोय ते सांगतो.

पोरांचा राग खरा आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही. जून २०२२ मध्ये या राज्याचे आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला गेले आणि येताना नवं सरकार घेऊन आले. जुलै २०२३ मध्ये दुसऱ्या पक्षाचं तेच झालं. अपात्र कोण याचा निकाल अध्यक्ष महाराजांनी १० जानेवारी २०२४ ला दिला, आणि एकही आमदार अपात्र ठरला नाही. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे बरं का. शेंगदाण्याची पुडी बांधायला त्याचा कागद बरा. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२४ ला, आमच्या भोकर मतदारसंघाचे आमदार अशोक चव्हाण काँग्रेस सोडून भाजपात गेले. बाप दोनदा मुख्यमंत्री, स्वतः मुख्यमंत्री, पिढ्यान् पिढ्या काँग्रेस, आणि एका सकाळी सगळं धुऊन मोकळे. केळीचे घड डोक्यावर वाहून गाड्या भरणाऱ्या आमच्या माणसानं याला लोकशाही म्हणायचं कसं?

इथपर्यंत आपण एका गाडीत आहोत. पुढं पोरं म्हणतात, आमदार विकला जातो म्हणून आमदारकीच मोडा, सगळी सत्ता एकाच्या हाती द्या. इथं मी गाडीतून उतरतो.

ही थेट निवडीची गोष्ट आपल्याला नवी नाही. दिल्लीत ती अजून यायचीय, पण आपल्या गावात ती येऊन बसलेली आहे. २०१७ साली या राज्यात सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा झाला. २०२० ला सरकार बदललं, तेव्हा तो रद्द करायचं ठरलं. राज्यपालांनी वटहुकमावर सही केली नाही, म्हणून सरकारनं विधेयक आणून तो रद्द केला. २०२२ ला पुन्हा सरकार बदललं, पुन्हा थेट सरपंच. नगराध्यक्षाचंही तेच. २००१ ला थेट, मग नगरसेवकांतून, २०१६ ला थेट, २०२० ला नगरसेवकांतून, २०२२ ला थेट. ज्याला जसा फायदा तसा कायदा. पण या उलथापालथीत आपल्याला एक गोष्ट फुकटात कळली. राष्ट्राध्यक्षीय पद्धत दलित वस्तीत आल्यावर कशी दिसते ते आपण डोळ्यांनी पाहिलं. अमेरिकेला जायची गरज नाही.

अर्धापूर तालुक्यातलंच एक गाव घ्या. नाव लिहीत नाही, तिथं आपली माणसं राहतात आणि त्यांना उद्या त्याच विहिरीवर जायचंय. नऊ सदस्यांची पंचायत. जुन्या पद्धतीत गावातले दोन वाडे एकमेकांचे वैरी, चार सदस्य इकडं, चार तिकडं. आपल्या वस्तीच्या वॉर्डातून निवडून आलेला नववा. सरपंच कोण होणार हे त्या नवव्यावर ठरायचं. त्याला पैसे दाखवले गेले, दम दिला गेला, एकदा 'सहलीला' म्हणून आठ दिवस उचलून नेला. हे सगळं झालं. पण त्या एका मतावर वस्तीत नळ आला, स्मशानभूमीची वाट मोकळी झाली, समाजमंदिराचं अडकलेलं काम पुढं सरकलं. वाड्यावरचा माणूस त्याला 'या, बसा' म्हणायचा. पोटातून म्हणत नव्हता, मताला म्हणत होता. म्हणू दे की! आपल्याला त्याचं प्रेम नको होतं, नळ पाहिजे होता.

मग थेट सरपंच आला. सगळं गाव एका माणसाला निवडणार, आणि सगळं गाव म्हणजे कोण? ज्याची घरं जास्त तो. दोन्ही वाड्यांनी एक उमेदवार दिला आणि प्रश्न मिटला. आपला सदस्य अजूनही निवडून येतो, पंचायतीत जाऊन बसतो, सही करतो. पण आता त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, आणि ज्याच्यावाचून अडत नाही त्याला चहासुद्धा कुणी पाजत नाही. सरपंच चुकला तर काढावं म्हणाल, तर २०१७ च्या कायद्यात पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. पुढं तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव केला तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानानं पास व्हावा लागतो. म्हणजे पुन्हा तेच सगळं गाव, पुन्हा ज्यांची घरं जास्त ते.

कुणी म्हणेल, सरपंचपदाला आरक्षण आहे ना, फिरतं फिरतं आपल्याकडं येतंच की. येतं. पण मग आपल्यातला कोण, हे कोण ठरवतं? सगळं गाव ठरवतं. ज्या पोरानं जयंतीची मिरवणूक वेशीतून नेली तो निवडून येत नाही. ज्यानं वाड्यावर कधी मान वर केली नाही तो येतो. १९३२ च्या पुणे करारात जी पाचर मारली गेली तीच ही. संयुक्त मतदारसंघात आपला प्रतिनिधी दुसऱ्याच्या मतांवर. बाबासाहेबांनी त्याची किंमत पुढं स्वतः भोगली. १९५२ ला उत्तर मुंबईत राज्यघटनेचा शिल्पकार सुमारे १४ हजार मतांनी पडला, आणि १९५४ ला भंडाऱ्यात पुन्हा पडला. हा माणूस एका मतदारसंघात सवर्ण मतांवर निवडून येऊ शकला नाही, आणि आपली पोरं म्हणतात सगळा देश एक मतदारसंघ करा!

गणित सरळ आहे. २०११ च्या शिरगणतीत राज्यात अनुसूचित जाती ११.८ टक्के, देशात १६.६ टक्के, त्यातही बौद्ध किती आणि कुठं विखुरलेले ते तुम्हाला माहीत आहे. ज्या खुर्चीला निम्म्यावर मतं लागतात तिथं आपण कायम बाहेर. यावर हुशार पोरं म्हणतात, दोघांच्या भांडणात आपण ज्याच्याकडं झुकू तो निवडून येईल, म्हणजे ताकद आपल्याच हातात.

हे आपण करून पाहिलंय. इथंच, नांदेडला, २०१९ च्या लोकसभेत. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाच्या वर मतं पडली. अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले आणि भाजपचे प्रताप पाटील चिखलीकर निवडून आले. किती फटाके, किती गुलाल, पाडलं पाडलं! मग पुढं काय? राज्यभर सुमारे ७ टक्के मतं वंचितला, आणि वंचितची जागा शून्य. पाच वर्षांनी पडलेला आणि पाडणारा एकाच पक्षात येऊन बसले, एकाच स्टेजवर. आपण ज्याच्यासाठी ज्याला पाडलं त्या दोघांनी आपल्या डोळ्यांदेखत हात मिळवले. आपल्याकडं उरली ती पाडायची ताकद. बसायची ताकद नाही. राष्ट्राध्यक्षीय पद्धतीत दर पाच वर्षांनी एवढंच करायला मिळेल, एकाला पाडून दुसऱ्याला आणायचं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला.

आणि हिशोब करा. ४८ जागांच्या राज्यात ७ टक्के मतं. मतांच्या प्रमाणात जागा असत्या तर तीन खासदार झाले असते. तीन माणसं लोकसभेत उभी राहून बोलली असती, प्रश्न विचारले असते, सरकारला एकेका मताची गरज पडली असती तेव्हा तोंडावर नाही म्हणाली असती. दुरुस्ती करायची ती इथं करायला पाहिजे. रोग मत मोजायच्या पद्धतीत आहे आणि पोरं औषध खुर्चीला लावायला निघालीत.

आता बाबासाहेबांची गोष्ट. कारण मोबाइलवर एक मजकूर फिरतोय की बाबासाहेबांना राष्ट्राध्यक्षीय पद्धत हवी होती. फिरवणाऱ्यांनी मूळ पुस्तक उघडलेलं नाही. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं बाबासाहेबांनी घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा तयार केला. त्यात त्यांनी ब्रिटिश पद्धतीचं मंत्रिमंडळ नाकारलं, हे खरं आहे. मुदतीआधी सभागृहाला पाडता येणार नाही असं कार्यकारी मंडळ मागितलं, हेही खरं आहे. कारणही दिलं. इंग्लंडात बहुमत राजकीय असतं, आज इकडं उद्या तिकडं. आपल्याकडचं बहुमत जन्मानं ठरलेलं, जातीचं आणि धर्माचं. त्या बहुमताचं मंत्रिमंडळ झालं तर अस्पृश्यांचं राज्य कधी येणारच नाही.

पण पुढची ओळ वाचायला काय होतं? पंतप्रधान कुणी निवडायचा? सगळ्या सभागृहानं, एकल संक्रमणीय मतानं, म्हणजे अल्पसंख्य सभासदांच्याही पसंतीला वजन राहील अशा रीतीनं. मंत्रिमंडळात अल्पसंख्याकांचे मंत्री कुणी निवडायचे? त्या त्या अल्पसंख्याकांच्या सभासदांनी. आणि बहुसंख्याकांचे मंत्री? तेही सगळ्या सभागृहानं, म्हणजे त्यात आपल्या सभासदांचंही मत. मंत्र्यांनी सभागृहात बसायचं, विचारलेल्याला उत्तर द्यायचं. यात कुठं आहे सगळ्या देशानं निवडलेला एक माणूस? बाबासाहेबांनी बहुसंख्याकांचा दलितांवरचा ताबा तोडायला ही योजना मांडली. तुम्ही त्याच बहुसंख्याकांनी थेट निवडलेला एक मालक मागताय, आणि वर बाबासाहेबांची सही दाखवताय.

पुढं ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी दोन्ही पद्धती तोलून दाखवल्या. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त पण जबाबदारी कमी, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त. तिथं सरकारची झडती रोज होते, प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासानं, आणि पाच वर्षांनी मतदार घेतो ती वेगळी. मसुद्यानं जबाबदारी निवडली. सत्तेचाळीसचं आणि अठ्ठेचाळीसचं यांत फरक आहे, तो लपवायचं मला कारण नाही. घटना समितीत जेवढं पदरात पडलं तेवढं त्यांनी घेतलं. पण दोन्हीकडं एक गोष्ट हललेली नाही. सभागृह वर, माणूस खाली. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल असा इशारा दिला की तो प्रत्येक वस्तीच्या भिंतीवर रंगवायला पाहिजे. आपण रंगवतो काय? नेत्यांच्या वाढदिवसाचे बॅनर.

ही मागणी कधी आणि कुणाकडून येते तेही बघा. १९७५ ला आणीबाणी लागली, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षीय पद्धतीचा एक मसुदा दिल्लीत हातोहात फिरू लागला. तो आपल्या महाराष्ट्राच्या बॅ. अंतुल्यांनी लिहिला असं मानलं जातं. काँग्रेसच्याच स्वर्णसिंग समितीला तो रस्ता पटला नाही, तिनं १९७६ ला संसदीय पद्धतच बरी असं म्हटलं. पुढं ऐंशीच्या दशकात वसंत साठ्यांनी हाच झेंडा धरला. नवल बघा, कुठल्या गायरानातून, कुठल्या गिरणीतून, कुठल्या दलित वस्तीतून ही मागणी कधी उठली नाही. ती सत्तेच्या माडीवरूनच खाली येते.

"पण दादा, खमक्या माणूस असता तर नामांतर सोळा वर्षं रखडलं नसतं." हा प्रश्न मला नांदेडच्या एका पोरीनं विचारला, आणि तो टाळण्यासारखा नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. मराठवाडा पेटला. आपल्या जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. घरं जळाली, माणसं गाव सोडून पळाली, आणि सरकारनं ठराव गुंडाळून ठेवला. १९७९ ला लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ ला गौतम वाघमारेंनी याच नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोही नामांतर नव्हे.

आता त्या सोळा वर्षांतल्या खुर्च्या मोजा. राष्ट्राध्यक्षीय पद्धतीचे तेच अंतुले १९८० ला मुख्यमंत्री झाले, आणि खमकेपणात ते कुणाला हार जाणारे नव्हते. लातूरच्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील मुख्यमंत्री झाले. नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, ज्यांना लोक हेडमास्तर म्हणत. आमच्याच मातीतले दोन. कुणी हात लावला? प्रत्येकानं मराठवाड्यातल्या सवर्ण मतांची बेरीज केली आणि फाइल खाली ठेवली. तेच मुख्यमंत्री थेट जनतेतून निवडले गेले असते तर त्यांनी ती बेरीज आणखी बारकाईनं केली असती. सभागृहाला शिव्या द्यायच्या तेवढ्या द्या, मी पण देईन. पण सोळा वर्षं आपल्या हातात लढायला कागद होता तो सभागृहाच्या ठरावाचाच. 'तुमच्याच सभागृहानं शब्द दिलाय, पाळा' असं म्हणता येत होतं. एका माणसाचा शब्द असता तर तो त्याच्याबरोबर गेला असता.

पोरांना परदेशाचा फार सोस, म्हणून दोन उदाहरणं देतो. श्रीलंका, आपल्या धम्माचा देश. १९७८ ला तिथं कार्यकारी राष्ट्राध्यक्ष आला. सिंहली बहुसंख्य, तमिळ अल्पसंख्य. पुढं तीन दशकं रक्त वाहिलं. २०१९ ला गोटाबाया राजपक्षे बहुसंख्य सिंहलींच्या मतांवर निवडून आले आणि अनुराधपूरच्या स्तूपासमोर शपथ घेतली. २०२२ ला देशात पेट्रोल नाही, औषध नाही, आणि सगळी सत्ता हाती असलेला हा माणूस पळून गेला. रस्त्यावरच्या पोरांच्या घोषणांत एक मागणी हीच होती की हे कार्यकारी राष्ट्राध्यक्षपद रद्द करा. दुसरं अमेरिकेचं. ज्या काळ्या भावांच्या पँथरवरून आपण १९७२ ला नाव घेतलं त्यांच्या आजोबा-पणजोबांचा सौदा कशावर झाला माहीत आहे? १८७६ ची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक अटीतटीची झाली. १८७७ ला तडजोड झाली, हेज राष्ट्राध्यक्ष झाले आणि दक्षिणेतलं केंद्राचं सैन्य मागं घेतलं गेलं. काळ्यांचं संरक्षण संपलं. त्यांच्या मताचा हक्क कागदावर राहिला, तो खऱ्यानं परत मिळवायला १९६५ उजाडलं. एका खुर्चीच्या बदल्यात एक समाज विकला गेला. इथं आमदार विकतात, तिथं तर घाऊक व्यवहार झाला.

तरी मला वाटतं खरी भीती अजून वेगळी आहे. घटना न बदलताच ते राष्ट्राध्यक्षीय करून टाकतायत. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाचं निमित्त सांगून संसदेचा प्रश्नोत्तराचा तासच काढून टाकला, आणि त्याच अधिवेशनात राज्यसभेत शेतीचे कायदे आवाजी मतदानानं पास केले. १७ डिसेंबर २०२४ ला 'एक देश एक निवडणूक'चं विधेयक लोकसभेत आलं. त्यात मधेच विधानसभा बरखास्त झाली तर नवी विधानसभा फक्त उरलेल्या मुदतीपुरती. ज्या समितीनं हे सुचवलं तिचे अध्यक्ष रामनाथ कोविंद. आपला माणूस राष्ट्रपती झाला म्हणून २०१७ ला पेढे वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. एकाच दिवशी सगळ्या देशाचं मत, एकाच चेहऱ्यावर. मग बोंढार हवेलीला १ जून २०२३ ला आपल्या तरुणाचा खून होतो तेव्हा कुणाला उभं करून जाब विचारणार? गृहमंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. टीव्हीवरच्या चेहऱ्याला द्यावं लागत नाही.

म्हणून मागायचं असेल तर हे मागा. मतांच्या प्रमाणात जागा मागा. एका मतदाराला अनेक मतं आणि ती सगळी एकालाच द्यायची मुभा, ही पद्धत १९३७ ला मुंबई प्रांतात होती, आणि तिच्यावर स्वतंत्र मजूर पक्षानं लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. १९५२ ला दोन मतं होती पण एकाच उमेदवाराला देता येत नव्हती, आणि काय झालं ते वर लिहिलंय. व्हिप फक्त विश्वासदर्शक ठरावापुरता आणि पैशाच्या विधेयकांपुरता ठेवा, बाकी वेळी आमदाराला तोंड उघडू द्या. दिनेश गोस्वामी समितीनं जवळपास हेच १९९० ला सांगितलंय. राखीव जागेवरचा आपला आमदार पक्षाच्या दोरीनं बांधलेला असतो, म्हणून अत्याचाराच्या प्रश्नावर तो खाली मान घालून बसतो. अपात्रतेचा निकाल अध्यक्षाच्या हातातून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडं द्या, हे सर्वोच्च न्यायालयानंच जानेवारी २०२० मध्ये सुचवलेलं आहे. सरपंच पुन्हा सदस्यांतून निवडा, आणि सदस्य पळवणाऱ्याला तुरुंगात घाला. आणि 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधलं कलम परत टेबलावर आणा, की समाजकल्याणाचा मंत्री मुख्यमंत्र्याच्या मर्जीनं ठरणार नाही, आमचे सभासद निवडतील.

यातलं शेवटचं ऐकून पुढारी हसतील, आपलेसुद्धा हसतील. आपले जास्त हसतील, कारण मर्जीनं मंत्री व्हायची सवय त्यांनाच आहे.

येत्या जयंतीच्या आधी अर्धापूर, मुदखेड, भोकर, हदगाव या तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी बैठका घ्याव्यात, थेट सरपंच आल्यापासून आपल्या वस्तीच्या सदस्याच्या सांगण्यावरून किती कामं झाली आणि त्याआधी किती झाली होती, हे गावागावातून लिहून आणावं. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'च्या त्या दोन पानांचं मराठी आम्ही स्टेन्सिलवर काढलंय. प्रती अर्धापूरला आहेत. येताना कोरे कागद घेऊन या.